टर्बोची गाडी आणि चोर्ल्याचा उतार

गॅरेजच्या पायरीवरून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे 2012 ची स्विफ्ट पेट्रोल आहे. 96 हजार किलोमीटर झालेत. तवंदी घाटात चौघं बसलो आणि एसी चालू असला की गाडीला ओढ राहत नाही, म्हणून टर्बो किट आणलंय. टर्बो, मॅनिफोल्ड, इंटरकूलर, ॲल्युमिनियमचे पाईप, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह आणि ऑईलच्या नळ्या आहेत, फोटो सोबत पाठवतो. इथला मेस्त्री दोन दिवसांत बसवून देतो म्हणाला. 150 हॉर्सपॉवर होईल का? आणि ट्यूनिंग म्हणजे वेगळं काय करायचं असतं? कामासाठी आठवड्याला बेळगावला येतो, महिन्यातून एकदा चोर्ल्यातून गोव्याला उतरतो. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : मेस्त्री खोटं बोलत नाही, दोन दिवसांत बसेल. पण तुमची यादी मी तीनदा वाचली. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जादा हवा कोंबणारा पंखा. हवा आत ढकलायचं सगळं सामान तिच्यात आहे, पेट्रोल वाढवायचं काहीच नाही. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर नाहीत, आत जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर नाही, इंजेक्टरला आणि स्पार्कला हुकूम देणारा कंट्रोलर नाही. हा भाग नसेल तर बाकीचं घरातच राहू द्या. कायद्याची बाजूही आहे, ती पुढच्या पत्राच्या उत्तरात लिहिली आहे. ती वाचल्याशिवाय मेस्त्रीला ॲडव्हान्स देऊ नका.

तुमच्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब बघून पेट्रोल ठरवतो. तो घडवलाय बिनटर्बोच्या इंजिनासाठी. त्यामुळे बाहेरच्या हवेच्या दाबाएवढं, म्हणजे 1 बारच्या आसपास वाचलं की त्याची पट्टी संपते. पुढं टर्बोनं कितीही हवा भरली तरी त्याला ते कळत नाही. पेट्रोल तेवढंच, स्पार्कही तितकाच आधी. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधी आपोआप पेटतं. त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो. साध्या इंजिनात चढावर टकटक ऐकू येते आणि आपण गियर उतरवतो. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो जादा दाब देत असताना, ती ऐकू येईपर्यंत इंजिनाचं काम तमाम झालेलं असतं.

किती पॉवर, ते हिशेबानं सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. इथल्या हवेचा दाब 0.93 बार धरा. आतलं काही न बदलता कंपनीच्या पिस्टनवर 0.4 बारच्या वर बूस्ट मी कुणालाही सांगत नाही. म्हणजे आत 1.33 बार झाले, हवा सुमारे 43 टक्के जास्त. पण दाबलेली हवा तापते. उन्हाळ्यात 35 अंशांची हवा छोट्या टर्बोतून बाहेर येते तेव्हा 85 अंशांच्या आसपास असते. चांगला इंटरकूलर ती 50 पर्यंत आणतो. सगळं वजा जाता तुमच्या 85 हॉर्सपॉवरचे 110, फार तर 115 होतील. तवंदीच्या चढाला तेवढ्यात गाडी वेगळीच वाटेल, कारण खरा फायदा 2500 ते 4000 आरपीएमच्या टॉर्कमध्ये दिसतो. 150 पाहिजे असतील तर फोर्ज्ड पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्लच, ब्रेक हे सगळं ओघानं येतं. तो खर्च गाडीच्या किमतीच्या पुढं जातो.

आता पाना हातात घेण्याआधीचं. कॉम्प्रेशन टेस्ट करा. इंजिन गरम हवं, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. चार सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या 10 टक्क्यांच्या आत असले पाहिजेत. एखादा खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्ह बघा. 96 हजार झालेल्या इंजिनाला हे विचारल्याशिवाय त्याच्यावर ओझं टाकणं मला पटत नाही.

फोटोत मला दोन गोष्टी खटकल्या. पहिली ऑईलच्या परतीची नळी. ती करंगळीएवढी दिसते. टर्बोला ऑईल जातं दाबानं, बारीक नळीतून. परत येतं ते फक्त स्वतःच्या वजनानं, तेही फेस झालेलं. म्हणून परतीची नळी आतून किमान 16 मिलिमीटर हवी, सगळीकडून खाली उतरती हवी, मध्ये कुठं झोळ नको, आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यात, ऑईलच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. नाहीतर ऑईल टर्बोत तुंबतं, सील ओलांडतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. असा धूर बघून लोकांनी चांगले टर्बो बदललेले मी पाहिलेत. दोष नळीत होता. चेंबर उतरवूनच भोक पाडून घ्या, गाडीवर ड्रिल मारू नका. ॲल्युमिनियमचा एक छिलका ऑईल पंपात गेला तर सगळ्यावर पाणी पडेल.

दुसरी गोष्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर टर्बोपर्यंत नेणारा. पातळ पाईप वेल्डिंग करून केलेला दिसतोय. पेट्रोल इंजिनात टर्बोच्या तोंडाशी धूर 800 ते 900 अंशांवर जातो, वर टर्बोचं वजन त्याच मॅनिफोल्डवर लटकतं. तापतो, थंड होतो, असं रोज झालं की वेल्डच्या कडेला चीर जाते. तुम्ही दर आठवड्याला बेळगावला येता, याचा इथं उपयोग करा. उद्यमबागेत ओतीव काम जाणणारी माणसं पिढ्यांपिढ्या आहेत. साधं ग्रे आयर्न नको, एसजी आयर्नमध्ये सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम जास्त असलेला माल मागा, एक्झॉस्ट मॅनिफोल्डसाठी तोच वापरतात. एका नगासाठी साचा करायला कोण तयार होत नसेल, तर जाड भिंतीचा स्टेनलेसचा स्टीम पाईप घेऊन टिग वेल्डिंग करून घ्या. टर्बोला वरून एक आधारपट्टी द्या आणि फ्लँज वेल्डिंगनंतर मशीनवर सपाट करा. न केलेली फ्लँज गॅस्केट खातेच.

बारीकसारीक आणखी : पीसीव्हीच्या, म्हणजे चेंबरमधली वाफ इंजिनात परत नेणाऱ्या, नळीत एकदिशा व्हॉल्व्ह टाका, नाहीतर बूस्ट चेंबरमध्ये शिरून डिपस्टिक उडवेल. प्लग एक नंबर थंड घ्या आणि गॅप 0.7 मिलिमीटरपर्यंत कमी करा, कारण दाबात ठिणगी विझते. ऑईल 5 हजार किलोमीटरला बदला. इंजेक्टर मिनिटाला साधारण 240 सीसीचे लागतील. मॅप सेन्सर किमान 2 बारचा घ्या.

आता ट्यूनिंग, म्हणजे कुठल्या दाबाला किती पेट्रोल आणि स्पार्क कधी, हे कंट्रोलरच्या टेबलात खान्याखान्यानं भरणं. इथं मला माझी एक चूक सांगायची आहे, कारण तुम्ही नेमक्या त्याच रस्त्यानं जाता.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका मित्राच्या 1.3 लीटरच्या जुन्या हॅचबॅकला मी टर्बो चढवला. बूस्ट 0.4. हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड लॅम्डा मीटर लावला, शेजारच्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसलो आणि चार दिवस पहाटे एकेक खाना भरला. पेट्रोल बरोबर, स्पार्क बरोबर, नॉक नाही. गाडी इतकी गोड चालायची की मी स्वतः तिच्यातून उतरायचो नाही. एप्रिलमध्ये मित्र घरच्यांना घेऊन गोव्याला निघाला. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला सगळं पार झालं. घाट उतरून साखळीच्या पुढं सपाट रस्ता लागला, तिसऱ्या गियरमध्ये त्यानं पाय दाबून ठेवला आणि मागं निळा धूर झाला. मुलं मागच्या सीटवर होती. टोचन करून गाडी रात्री वर आणली. हेड उघडलं तर तिसऱ्या पिस्टनची रिंगांमधली भिंत तुटलेली, प्लगवर ॲल्युमिनियमचे ठिपके.

दोन दिवस मला कारण सापडेना. बूस्टचा काटा तर तिथंही 0.4 च दाखवत होता, असं तो शपथेवर सांगत होता, आणि ते खरंच होतं. वेस्टगेट म्हणजे बूस्ट ठरलेल्या आकड्यावर थोपवणारी झडप. तिची स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेत 0.4 मोजते. बेळगावात बाहेर 0.93, म्हणून आत 1.33. गोव्यात समुद्राशी बाहेर 1.01, म्हणून आत 1.41. काट्यावर फरक शून्य, पिस्टनवर फरक 0.08 बारचा. माझ्या टेबलाची शेवटची भरलेली ओळ 1.33 ची होती. तिच्या वरच्या ओळीत मी तोच स्पार्क नुसता उतरवून ठेवला होता, कारण इथं गाडी त्या खान्यात कधी गेलीच नाही. वर एप्रिलची हवा. बेळगावात तपासून दिलेली गाडी मी न तपासलेल्या जागी पाठवली. त्या इंजिनाच्या बोअरिंगचे आणि पिस्टनचे पैसे मी भरले. मित्रानं नको म्हटलं तरी भरले.

म्हणून तुम्हाला सांगतो. ट्यूनिंग डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर चालवून पॉवर मोजायच्या यंत्रावर करा, रस्त्यावर नाही. माझी तेव्हाची पद्धत उचलू नका. डायनो पुण्याला किंवा बेंगळुरूला मिळेल, पण ती दोन्ही शहरंही गोव्याच्या वरच आहेत. पुणं साडेपाचशे मीटरच्या पुढं, बेंगळुरू नऊशेच्या. ट्यूनरला एवढंच सांगा : "गाडी समुद्रावर जाते." समजणारा असेल तर तो तिथं बूस्ट थोडा वेळ 0.5 वर नेईल, म्हणजे बेंगळुरूच्या हवेतही आतला दाब 1.41 होईल. त्या ओळी भरून, स्पार्क मागं घेऊन, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा टाकून, मग बूस्ट परत 0.4 वर आणेल. त्याच्या वरची एक ओळही स्पार्क आणखी मागं घेऊन भरायला सांगा. आणि 1.5 बारच्या वर दाब गेला तर पेट्रोल तोडायची मर्यादा लावून घ्या. वेस्टगेटची नळी निसटली तर तीच इंजिन वाचवेल.

किती मागं? बूस्टच्या दर पीएसआयला एक अंश, या अंदाजानं सुरुवात करतात. 0.4 बार म्हणजे जवळपास 6 पीएसआय, तर 6 अंश. मग नॉक ऐकत, एकेक अंश पुढं. उलट दिशेनं जाऊ नका.

पेट्रोलबद्दल आमच्या भागाचं एक सांगण्यासारखं आहे. संकेश्वर, चिकोडीपासून अथणीपर्यंत सगळा ऊस, आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. लोक त्याला शिव्या देतात. जुन्या रबरी नळ्यांना आणि ॲव्हरेजला तो त्रास आहे, ते मी नाकारत नाही. पण इथेनॉलचा ऑक्टेन 108 च्या आसपास असतो आणि उडताना तो हवा थंड करतो. टर्बोच्या इंजिनाला ही दोन्ही मदतच आहे. फक्त मीटरवर जुना आकडा धरू नका. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला 14.7 पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणून एएफआर, म्हणजे हा हवा-पेट्रोलच्या पटीचा आकडा, विसरा, लॅम्डा बघा. पूर्ण जळायला लागते नेमकी तेवढी हवा म्हणजे लॅम्डा 1. सावकाश जाताना 1.0, पूर्ण बूस्टला 0.80 ते 0.82. पेट्रोल कुठलंही असो, हे आकडे तेच राहतात. आणि नुसते इंजेक्टरच नाही, टाकीतला पेट्रोल पंपही त्या भाराला दाब टिकवतो का ते डायनोवरच तपासून घ्या.

प्रश्न : मुलगा गाडीला टर्बो लावायचा म्हणून हट्ट धरून बसलाय. सीएनजी किट लावलं की आरसीवर नोंद होते, तशी याची होते का? केए 22 ची गाडी, अर्धा वेळ कोल्हापूरला असते. (एक पालक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : होत नाही. सीएनजीचं किट त्या त्या मॉडेलसाठी तपासणी संस्थेनं मंजूर केलेलं असतं, म्हणून आरटीओ नोंद घेतं. बाजारातल्या टर्बो किटला तशी मंजुरी नसते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या तपशिलाशी गाडी विसंगत होईल असा बदल मालकानं करू नये, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182अ आलं. मालकाला 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे कागलच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा, असं काही नाही. गोव्यातही तोच.

मला दंडापेक्षा विम्याची काळजी जास्त वाटते. न कळवलेला बदल सापडला तर कंपनी क्लेम नाकारू शकते. हायवेवर समोरच्या माणसाला लागलं, तर तो बोजा घरावर येऊ शकतो.

मुलाचा हट्ट मोडू नका, वळवा. ओढ हवी असेल तर कारखान्यातून टर्बो घेऊन आलेली जुनी गाडी बघा. 2013 पासूनची पोलो जीटी टीएसआय आहे, 1.2 लीटरची, 105 हॉर्सपॉवर. 2017 ची बलेनो आरएस आहे, 1 लीटरची, शंभरच्या वर. त्यांचे पिस्टन, त्यांचं कूलिंग, त्यांचा ईसीयू सगळं टर्बो धरूनच केलेलं असतं. आणि त्याला स्वतःच्या हातानं चढवायचाच असेल, हा नाद मला फार जवळचा आहे, तर एखादी जुनी गाडी फक्त ट्रॅकसाठी ठेवू द्या. ट्रेलरवर न्यायची, कोईमतूरच्या कारी स्पीडवेसारख्या बंद ट्रॅकवर चालवायची. निपाणीच्या वाचकांनाही माझं हेच सांगणं आहे. वर लिहिलेलं सगळं अशा गाडीसाठी वापरा. रोजच्या स्विफ्टचं इंजिन आहे तसं राहू द्या, आणि गोव्याला तीच न्या.

प्रश्न : माझी डिझेल जीप भाड्यानं चालते. टर्बोची गाडी थांबवल्यावर लगेच बंद करू नये म्हणतात. किती वेळ चालू ठेवायची? (एक चालक, खानापूर)

उत्तर : गावातून सावकाश आलात तर लगेच बंद करा, डिझेल जाळू नका. कणकुंबीचा चढ भरल्या गाडीनं चढून चहाला थांबलात, तर एक मिनिट आयडलवर ठेवा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तो बेअरिंगला न टेकता ऑईलच्या पापुद्र्यावर तरंगत असतो. तापलेला असताना पंप बंद झाला की तिथलं ऑईल जळून कोळसा होतो. सकाळी चालू करतानाही अर्धा मिनिट रेस देऊ नका. ऑईल वर पोचायला तेवढा वेळ लागतो.

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी टर्बो इंजिनात पाणी आणि मिथेनॉलचा फवारा मारायचा विचार आहे. नॉकिंग खरंच थांबतं का? सर म्हणतात हे नवीन आहे, अवघड जाईल. (एक विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर : थांबतं, आणि नवीन तर मुळीच नाही. टर्बोचं पेटंट स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये घेतलं. पेट्रोल मोटारीत तो विक्रीला आला 1962 मध्ये, अमेरिकेत. त्यातली एक ओल्ड्समोबिलची जेटफायर. तिचं कॉम्प्रेशन 10.25 होतं, टर्बोसाठी फारच जास्त. म्हणून कंपनीनं तू म्हणतेस तेच केलं. पाणी आणि मिथेनॉलची एक वेगळी टाकी दिली आणि बूस्ट आला की फवारा मारला. पाणी उडताना उष्णता घेतं, मिश्रण थंड होतं, नॉकिंग मागं हटतं.

गाडी चांगली होती. पण लोक ती टाकी भरायला विसरायचे. टाकी रिकामी झाली की बूस्ट तोडायची सोय कंपनीनं ठेवली होती, तर मालक म्हणायचे गाडीला जोर नाही. शेवटी पुष्कळ गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवले गेले.

तुझ्या प्रोजेक्टमध्ये नोझल आणि पंप सोपे जातील. मिथेनॉल विषारी आहे, हातमोजे घाल, बंद खोलीत मिसळू नकोस. पाणी डिस्टिल्डच घे, नळाचं घेतलंस तर नोझलच्या तोंडाशी क्षार बसतात. फवारा इंटरकूलरच्या पुढं, थ्रॉटलच्या आधी वीतभर अंतरावर मार. मेहनत घ्यायची ती टाकीतल्या फ्लोटच्या वायरिंगवर : पातळी उतरली की वेस्टगेट उघडलं पाहिजे आणि स्पार्क मागं आला पाहिजे, चालवणाऱ्यानं काही न करता. सर बघायला येतील तेव्हा पहिली चाचणी टाकी रिकामी ठेवून घे.